आदल्या दिवशी गुदमरलेले मासे

मासे सोमवारी गुदमरले आणि पाण्यातला प्राणवायू मंगळवारी संपला. सर्व्हरच्या पडद्यावर असं स्वच्छ मराठीत लिहून आलं होतं आणि जुईली तांडेल ते पुन्हा पुन्हा वाचत होती. कितीही वेळा वाचलं तरी त्यात काही फरक पडत नव्हता. आधी ढेकर द्यायचा आणि मग पानावर बसायचं, त्यातलाच हा प्रकार.

तिने यंत्रमानवाला विचारलं, की बाबा रे, हे शक्य तरी आहे का. यंत्रमानव म्हणाला, शक्य काय आणि अशक्य काय हे ठरवणं त्याच्या कामात बसत नाही. त्याचं काम जोडण्याचं. तीन ठिकाणांहून आलेल्या नोंदी त्याने तारखेला तारीख लावून जोडल्या आणि जे निघालं ते दाखवलं. मग त्याने उलट जुईलीलाच विचारलं, की ‘हे’ म्हणजे तिला नक्की कोणती ओळ म्हणायची आहे. जुईलीने कपाळाला हात लावला.

या यंत्रमानवाचं नाव विचारे. ते नानांनी ठेवलं होतं आणि सगळ्या गावाला पटलं होतं. कमरेइतका उंच, खाली दोन चाकं, वर परातीसारखं चपटं डोकं, आणि त्या डोक्यात प्रश्नच प्रश्न. साखरखारला आला त्या दिवशी तो जेटीवरच अडकला, कारण समोर आलेल्या पहिल्या बाईला त्याने विचारलं, की तुमच्या टोपलीत मासे किती, ते कुणी मोजले, कशाने मोजले आणि मोजताना टोपली ओली होती की कोरडी. बाईने टोपली त्याच्या डोक्यावर पालथी घातली. विचारेने डोक्यावरचे बोंबील बाजूला केले आणि हे उत्तर समजावं की कसं, असं विचारलं.

साखरखार हे खाडीकाठचं कोळ्यांचं गाव. तिथल्या मच्छीमार सोसायटीचा जुना बर्फखाना बरीच वर्षं बंद पडून होता. नानांनी, म्हणजे जुईलीच्या आजोबांनी, तो झाडून पुसून घेतला आणि त्यात सर्व्हर बसवले. सर्व्हर म्हणजे कपाटाएवढा संगणक (स्वतःजवळ माहिती साठवणारा आणि दुसऱ्या संगणकांनी मागितली की ती पुरवणारा). तो दिवसरात्र चालतो म्हणून तापतो, आणि तापला की रुसतो. बर्फखान्याच्या भिंती जाड आणि आत गारवा, तेव्हा जागा अगदी सोयीची होती. फक्त भिंतींना पापलेटांचा वास मुरलेला होता आणि तो काही केल्या जात नव्हता.

नानांचं पूर्ण नाव डॉ. हसुराम तांडेल. ते सागरशास्त्रज्ञ. उभा जन्म त्यांनी संशोधनाच्या जहाजांवर समुद्राचं पाणी मोजण्यात घालवला आणि निवृत्त झाल्यावर ते गावी परतले, ते स्वस्थ बसायला नव्हे. खाडीबद्दलची माहिती तीन जागी तीन ढिगांत पडून आहे आणि कुणी ती एकत्र करत नाही, या गोष्टीचा त्यांना मनापासून राग यायचा.

पहिला ढीग बोयाचा. खाडीच्या तोंडाशी एक बोया तरंगत असतो आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजून तो किनारी विदा केंद्राला कळवतो (विदा म्हणजे नोंदवून ठेवलेली माहिती). दुसरा ढीग उपग्रहाचा. तो रोज रात्री खाडीवरून जातो आणि पाण्याच्या पृष्ठभागाचं तापमान टिपतो, कारण कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो. आणि तिसरा ढीग साखरखारच्या बायकांचा.

गावातल्या बायकांनी खाडीच्या आतल्या अंगाला जाळ्यांचे मोठे पिंजरे टाकून त्यांत जिताडा वाढवला होता. तिथे बोया नाही, दुसरं कुठलं यंत्र नाही. तिथे आहे ती राखण. दर रात्री एकेक बाई होडी घेऊन पिंजऱ्यांपाशी थांबते, आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले की ओळखते, पाण्यात प्राणवायू कमी झाला. फोन सोबत नेत नाहीत, कारण खाऱ्या पाण्याने फोन टिकत नाहीत. रविवारी सोसायटीत जमल्या की प्रत्येकजणी आठवड्याची हकीकत तोंडी सांगते आणि जुईली ती विचारेच्या कानात, म्हणजे त्याच्या छातीवरच्या जाळीत, रेकॉर्ड करून घेते. ‘सोमवार, पहाटे चार, मासे वर आले,’ अशा त्या नोंदी.

आता हे प्राणवायू कमी होण्याचं गौडबंगाल काय, तर ते फारसं अवघड नाही. मासेही श्वास घेतात, पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांनी ओढून घेतात. दिवसा ऊन असतं, तेव्हा वनस्पती-प्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती) तो प्राणवायू तयार करतात. रात्री ऊन नाही, म्हणून कारखाना बंद. पण श्वास घेणं काही बंद होत नाही, मासे घेतात आणि प्लवकही घेतात. सगळे खर्च करतात आणि कुणीच भर घालत नाही, त्यामुळे उजाडायच्या आधी प्राणवायू सगळ्यांत कमी असतो. त्यात भांगाचे दिवस (अष्टमीच्या आसपासचे, भरती-ओहोटी मंदावलेले दिवस) आले की समुद्राचं ताजं पाणी खाडीत पुरेसं शिरतच नाही. अशाच एखाद्या पहाटे पिंजरेच्या पिंजरे मरतात.

त्यावर उपाय आहे, हवेचे पंप. पण पंपांच्या बॅटऱ्या उन्हावर चार्ज होतात आणि एका रात्रीत संपतात. पुन्हा भरायला दोन दिवस जातात. म्हणून कोणत्या रात्री पंप लावायचे हे नेमकं कळायला हवं. रोज लावू म्हटलं तर जमत नाही.

तीन ढीग एकत्र केले तर सर्व्हर ती रात्र आधीच सांगू शकेल, असं नानांचं गणित होतं. गणित बरोबर होतं. पण मागच्या भांगाला सर्व्हरने इशारा दिला, बायकांनी त्या रात्री पंप लावले, आणि काहीच झालं नाही. मासे मजेत होते. दुसऱ्या रात्री, बॅटऱ्या रिकाम्या पडलेल्या असताना, प्राणवायू संपला. हर्षलाआत्याचे दोन पिंजरे गेले. हर्षलाआत्या म्हणजे बायकांच्या गटाची पुढारी, जुईलीच्या बाबांची बहीण आणि नानांची सख्खी मुलगी. मेलेले मासे तिने स्वतः होडीत भरून आणले आणि बर्फखान्याच्या दारावरून नेले. नाना दारात उभे होते. दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही, आणि त्यानंतर आजवर बोललेलं नव्हतं.

म्हणजे जे काही बोलायचं ते जुईलीमार्फत. ‘सांग तुझ्या नानांना, चहा ठेवलाय.’ ‘सांग तुझ्या आत्याला, नको म्हणाले.’ एकाच घरात, एकाच ओट्यावर बसून हे असं चालायचं. जुईली या दोघांना आणि विचारेला, तिघांनाही कंटाळली होती.

आता पुढचा भांग तोंडावर आला होता, आणि विदा केंद्रातल्या डॉ. सबनीस पडद्यावर येऊन सांगून गेल्या होत्या, की बायकांच्या नोंदी विश्वासार्ह दिसत नाहीत. कधी जुळतात, कधी चक्क एक दिवस आधीच्या निघतात. झोपेत सांगितल्यासारख्या आहेत. पुढच्या जोडणीत त्या वगळाव्यात हे बरं. सबनीसबाई स्वभावाने वाईट नव्हत्या, उलट मेलेल्या माशांबद्दल त्यांना खरंच वाईट वाटत होतं. पण नोंदी वगळल्या की खाडीचा आतला भाग नकाशावर कोराच राहणार, आणि पिंजरे तर नेमके तिथेच. मग इशारा कसला मिळणार?

नाना मात्र सबनीसबाईंवर चिडले नाहीत, स्वतःवर चिडले. ते जुईलीला घेऊन घरात स्वयंपाकाच्या फळीसमोर जाऊन उभे राहिले. फळीवर एकसारखे स्टीलचे डबे होते. त्यांनी चार डबे उघडले. चारांत पांढरी पूड. एकात मीठ, एकात पिठीसाखर, एकात तांदळाचं पीठ, एकात खायचा सोडा. आत्याला न विचारता यातलं काहीही आमटीत घाल बघू, असं ते म्हणाले. जुईली म्हणाली, मग जेवायला तुम्हीच बसा.

नाना म्हणाले, विदेचंही असंच असतं. डब्यात आकडे आहेत हे ठीक, पण ते कसले, कुठे मोजले, कुणी, कशाने, कोणत्या मापात, हे डब्यावर लिहिलेलं नसेल तर दोन डबे एकत्र करणं म्हणजे आमटीत सोडा घालणं. डब्यावरच्या या चिठ्ठीला म्हणतात अधिविदा (विदेबद्दलची विदा). विचारे दिवसभर लोकांचं डोकं खातो ते या चिठ्ठ्या भरण्यासाठीच. सगळ्या चिठ्ठ्या ओळीने लावल्या की तयार होते सूची, आणि सूची असेल तरच जोडणी नीट होते. तेव्हा कुठल्या तरी डब्यावरची चिठ्ठी अपुरी आहे. पण कोणती अपुरी आहे ते त्यांनाही सापडत नव्हतं.

जुईली तडक बर्फखान्यात गेली आणि तिने विचारेला धारेवर धरलं. बायकांना काय काय विचारलंस, सांग. विचारेने वाचायला सुरुवात केली. पिंजऱ्याची जागा, पाण्याची खोली, माशांचं वय, पाहणाऱ्या बाईंची उंची, चष्मा असल्यास नंबर, होडी पिंजऱ्याच्या कोणत्या बाजूला होती, घड्याळ कुठल्या बनावटीचं आणि शेवटचं कधी लावलं. घड्याळं त्याने स्वतः तपासली होती आणि ती बरोबर होती. यादी संपेपर्यंत जुईलीला जांभई आली. एवढं विचारूनही बायकांचं म्हणणं चुकतं म्हणजे सबनीसबाई खरंच बोलत असतील की काय, असं तिला वाटून गेलं आणि लगेच स्वतःचा राग आला. हर्षलाआत्या राखणीवर डुलकी काढणाऱ्यांतली नव्हती.

मग तिने एक साधी गोष्ट केली. जुळणाऱ्या नोंदी एका बाजूला कर आणि न जुळणाऱ्या दुसऱ्या बाजूला, असं विचारेला सांगितलं. त्याने कोणत्या निकषावर असं विचारलं. तिने दातओठ खाऊन निकष सांगितला.

पडद्याच्या डाव्या बाजूला जुळणाऱ्या नोंदी आल्या. त्यांच्या वेळा होत्या रात्री नऊ, दहा, साडेअकरा. उजव्या बाजूला न जुळणाऱ्या. दीड, तीन, चार, पावणेपाच. त्याच बायका, तीच घड्याळं, तेच पिंजरे. पण मध्यरात्रीच्या अलीकडची एकही नोंद उजवीकडे नव्हती आणि पलीकडची एकही डावीकडे नव्हती. झोपेत सांगितलेल्या नोंदी इतक्या शिस्तीत कशा वागतील? जुईली उठली आणि घराकडे पळत सुटली.

हर्षलाआत्या अंगणात जाळं दुरुस्त करत बसली होती. जुईलीने धापा टाकत विचारलं, की आत्या, त्या पहाटे चारला मासे वर आले तेव्हा वार कुठला होता.

“सोमवार. माझीच राखण व्हती ना सोमवारची.”

“पण आत्या, रात्री बारानंतर मंगळवार लागतो.”

आत्याने सुतळी दातांनी तोडली आणि भाचीकडे असं पाहिलं, जणू म्हणतेय, शाळेत हिला नक्की काय शिकवतात. “उजाडल्याबिगर दुसरा वार कसा लागंल? राखण संध्याकाळी चालू होते आनि उजाडलं का संपते. ती सगळी सोमवारचीच. तुझा जलम पहाटे तीनचा, तरी आपन शुक्रवारच सांगतो ना?”

खरंच की. जुईली शुक्रवारची, हे तिला कळायला लागल्यापासून माहीत होतं. घरात सगळे तसंच बोलत आणि तीही तसंच बोले, त्यामुळे रविवारी नोंदी रेकॉर्ड करताना तिला त्यात काही वावगं दिसलंच नव्हतं. बायका पहाटे चारची गोष्ट आदल्या वारावर सांगत होत्या आणि सर्व्हर ती चोवीस तास आधीची समजत होता. त्यावरून तो असं शिकला, की मासे प्राणवायू संपण्याच्या आदल्या दिवशी गुदमरतात, आणि इमानदारीत एक रात्र आधी इशारा देऊन मोकळा झाला. आत्याचे दोन पिंजरे यात गेले होते.

तिने बर्फखान्यात येऊन नानांना सगळं सांगितलं. संध्याकाळी सबनीसबाई पडद्यावर आल्या आणि त्यांनाही ते पटलं. हुशार मुलगी आहे, असं म्हणाल्या. पण मग म्हणाल्या, याचा अर्थ नोंदी चुकीच्याच होत्या. बायकांना तारीख नीट सांगायला शिकवा, वर्षभर बघू, मग नोंदी पुन्हा घेऊ. तोवर त्या वगळलेल्या बऱ्या.

वर्षभर! आणि भांग चार दिवसांवर. जुईलीला इतका संताप आला, की तिला रडूच यायला लागलं. रडू लपवायला ती पडद्यावरच्या नोंदी उगाच खालीवर करत बसली. उपग्रहाच्या मूळ नोंदींपर्यंत ती कधी पोचली हे तिलाही कळलं नाही, पण तिथे तिचा हात थांबला. त्याच रात्रीची, त्याच खाडीची उपग्रहाची मूळ नोंद होती, आणि तिच्यावर वार होता सोमवार.

तिने विचारेला विचारलं, की उपग्रह इथून किती वाजता गेला. विचारे म्हणाला, इथल्या घड्याळाप्रमाणे मंगळवारी पहाटे दोनला. मग मूळ नोंदीत सोमवार कसा? विचारे म्हणाला, उपग्रहाचं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर चालतं (इंग्लंडमधल्या एका रेषेवरून मोजलेली, सगळ्या जगाने संदर्भासाठी मानलेली वेळ). आपलं घड्याळ त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे असतं. उपग्रहाच्या घड्याळात मध्यरात्र होऊन तारीख बदलते, तेव्हा इथे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. त्यामुळे इथल्या मध्यरात्रीपासून साडेपाचपर्यंतच्या त्याच्या सगळ्या नोंदी आदल्या तारखेच्या दिसतात. जोडताना तो त्या बदलून घेतो.

जुईलीने डोळे पुसले. पडद्यावर सबनीसबाई अजून होत्या आणि नानाही ऐकत होते.

“म्हणजे उपग्रहाचा दिवससुद्धा साधारण उजाडतानाच सुरू होतो?”

“होय.”

“मग उपग्रहाच्या नोंदी चुकीच्या आहेत का?”

“नाही,” विचारे म्हणाला. “दिवस कधी सुरू होतो हे उपग्रहाच्या चिठ्ठीवर लिहिलेलं आहे.”

“आणि आमच्या बायकांच्या चिठ्ठीवर?”

विचारेच्या परातीवरचा दिवा दोनदा लुकलुकला. “लिहिलेलं नाही. हा प्रश्न मी त्यांना विचारला नाही. तो माझ्या प्रश्नांत नव्हता.”

चष्म्याचा नंबर विचारणाऱ्याने एवढी गोष्ट विचारली नव्हती. अर्थात दोष एकट्या विचारेचा नाही. प्रश्न त्याच्यात माणसांनीच भरले होते, आणि भरणाऱ्या प्रत्येकाला वाटलं होतं, की दिवस मध्यरात्री सुरू होतो, यात विचारायचं काय. जे आपल्याला इतकं उघड वाटतं की सांगावंसंही वाटत नाही, नेमकं तेच चिठ्ठीवरून राहून जातं. उपग्रहाचं असं होत नाही, कारण त्याला बनवणाऱ्यांनी आधीच सगळं लिहून ठेवलेलं असतं.

सबनीसबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि नोंदी ठेवू या म्हणाल्या. मग जुईलीने विचारेला सांगितलं, की चल, बायकांचे सगळे सोमवार बदलून मंगळवार कर. तेव्हा मात्र नाना खुर्चीतून उठले. मूळ नोंदीला हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं. बाईने जे पाहिलं आणि जसं सांगितलं ते तसंच राहिलं पाहिजे. उद्या आपलंच काही चुकलं असं निघालं, तर परत जायला मूळ जागा हवी. बदल करायचा तो चिठ्ठीत. तिच्यावर लिहायचं, की या नोंदींचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो. सूर्योदय तर रोज थोडा मागेपुढे होतो, म्हणून प्रत्येक तारखेचा सूर्योदय विचारेने शोधून लावायचा. जोडणी करताना सर्व्हर चिठ्ठी वाचेल आणि तिथल्या तिथे हिशेब करेल, डब्यातलं काही न सांडता.

विचारेने तसं केलं. मासे आणि प्राणवायू एका रात्रीत आले, आणि तेही योग्य क्रमाने, आधी प्राणवायू उतरू लागला आणि मग मासे वर आले. सर्व्हरने पुन्हा पहिल्यापासून शिकायला घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याने येत्या भांगाचा इशारा दिला. बुधवारची राखण, असं त्यात लिहिलं होतं, आणि खाली कंसात, गुरुवार उजाडायच्या आधी.

आता तो इशारा आत्याने मानायला हवा होता. तिने आधीच ठरवलं होतं, की या वेळी बर्फखान्यातल्या कपाटांचं ऐकायचं नाही, मंगळवारी रात्रीच पंप लावायचे, कारण पाणी तिला जड, म्हणजे कोमट आणि मंद, वाटत होतं. सांगायला जुईली निघाली तर नानांनी तिला थांबवलं आणि चपला घालून ते स्वतः निघाले. जुईली मागे गेलीच.

आत्या पिंजऱ्यांकडे जायला होडी ढकलत होती. नाना चिखलात उतरले आणि म्हणाले, की मागच्या वेळी मासे माझ्यामुळे गेले, तुझ्या नोंदी बरोबर होत्या. आत्या थांबली. इतके दिवस तिच्या मनात साठलेलं सगळं तिच्या तोंडावर दिसत होतं.

“मग आधी का नाय इचारलंत?” ती म्हणाली. “याच घरात जन्मलात ना तुमी?”

“मला वाटलं, दिवस म्हणजे दिवस,” नाना म्हणाले. “वर्षानुवर्षं जहाजावर राहिलो, आपण इथे वार कसा मोजतो ते विसरूनच गेलो.”

आत्याला हसू आलं नाही, पण ती होडीच्या काठावर बसली आणि तिने इशारा पुन्हा नीट समजून घेतला. पाणी जड वाटतंय ते कशामुळे, हे नानांनी तिला विचारलं आणि तिने सांगितलं. पाणी गरम होतंय पण वारा अजून आहे, असं दोघांचं एकमत झालं. वारा पाणी ढवळतो आणि थोडा प्राणवायू मिसळतो. हवामानाच्या अंदाजाप्रमाणे तो बुधवारी पडणार होता. अखेर आत्याने मंगळवारी पंप लावायचे नाहीत असं ठरवलं. ते ठरवणं तिला किती जड गेलं हे जुईलीला कळत होतं. सर्व्हर पुन्हा चुकला असता तर या वेळी उरलेलं सगळंच गेलं असतं.

मंगळवारी काही झालं नाही. बुधवारी दुपारी वारा पडला. संध्याकाळी बायकांनी भरलेल्या बॅटऱ्या होड्यांत घातल्या आणि पिंजऱ्यांवर गेल्या. जुईलीला सोबत जायचं होतं, पण आत्याने नाही म्हटलं म्हणजे नाहीच. घरी ती अंथरुणावर नुसती कुशी बदलत राहिली.

तांबडं फुटताना नानांनी तिला होडीत घेतलं. खाडीचं पाणी तेलासारखं सपाट होतं. वळण ओलांडल्यावर पंपांची घरघर ऐकू आली. आत्या पिंजऱ्याच्या कडेवर उकिडवी बसली होती. रात्रभर जागून तिचे डोळे लाल झाले होते. पावणेपाचला मासे वर आले होते, सगळेच्या सगळे, तोंड उघडून. पंप आधीपासून चालूच होते. हळूहळू मासे खाली गेले.

“एक पन नाय गेला, बाबा,” ती म्हणाली. नानांनी वल्हं आडवं ठेवलं. जुईलीला रडू आलं आणि या वेळी तिने ते लपवलं नाही.

खाडीच्या पलीकडच्या काठावर, मानखार गावाच्या बाजूला, आणखी काही पिंजरे होते. तिथेही पंप चालू होते, कारण आदल्या दिवशी आत्याने तिकडच्या बायकांना निरोप धाडला होता. आता तिने तोंडाशी हात धरून मोठ्याने विचारलं, की तुमचे कसे हायत. पलीकडून दोन्ही हात वर करून कुणीतरी काही ओरडलं. शब्द कळले नाहीत, पण आवाज आनंदाचा होता.

मानखारच्या बायकाही राखण करत. त्यांनी काय काय पाहिलं ते आजवर कुणीच साठवलेलं नव्हतं. त्यांच्यापलीकडे दुसरी खाडी होती, तिच्यापलीकडे तिसरी, आणि नाना म्हणाले, की याच समुद्राच्या दुसऱ्या काठावर अशी गावं आहेत जिथे सूर्य मावळला की नवा दिवस धरतात. त्यांच्याही नोंदी असणार. सगळ्या एका सूचीत आल्या तर एका किनाऱ्याला कळलेलं दुसऱ्या किनाऱ्याला वेळेत सांगता येईल. रात्रभर न झोपलेल्या आत्याने हे सगळं ऐकून घेतलं आणि पंप बंद करायला ती उठली.

“मग तो तुमचा विचारे आना होडीत,” ती म्हणाली. “मानखारला मीच घेऊन जाते. पन आधी त्याला सांगा, बायांचा चष्मा नंतर इचार, दिवस कवा चालू होतो ते पयलं इचार.”

नानांनी होडी वळवून जेटीला लावली आणि जुईली विचारेला आणायला उतरली.